वसईची सहल आणि गाडीचं दुखणं

मैत्रिणींनो, वसईला कधी गेला आहात का? विरार लोकलच्या गर्दीबद्दल ऐकलं असेल, सुकेळी खाल्ली असतील, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला हे शाळेत पाठही केलं असेल. पण वसई-विरार म्हणजे तेवढंच नव्हे हं! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, मधे केळीच्या बागा, मिठागरं, जुनी देवळं नि चर्चेस, आणि त्यांच्यामधून उगवलेल्या उंच उंच इमारती. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका नि आसपासची काही गावं मिळून २००९ साली इथं महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती १२ लाखांवर गेली होती. पुढे २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि वसई त्या नव्या जिल्ह्यात गेली.

वस्ती वाढली तशा गाड्याही वाढल्या. ‘एमएच-४८’ अशी पाटी लावलेली गाडी दिसली की समजावं, ही वसई-विरार-पालघरकडची. पण इथल्या बऱ्याच गाड्यांचा दिनक्रम पाहिलात तर तुम्हाला हसू येईल. सकाळी मालकांना स्टेशनवर सोडायचं, मग मुलांना शाळेत, जाता जाता भाजी. प्रत्येक खेप दहा मिनिटांची. दिवसभर खाऱ्या वाऱ्यात उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा स्टेशन. महिन्या-महिन्यात गाडी मोठा रस्ता पाहत नाही. आणि मग एके दिवशी घाईच्या वेळी किल्ली फिरवावी तर नुसतं ‘टिक टिक’! बॅटरी बसली.

हे दुखणं एकदा झालं तर समजू शकतं. पण पुन:पुन्हा होऊ लागलं तर? आज मी तुम्हाला वसईची एक दिवसाची सहल घडवणार आहे आणि त्याच वाटेवर गाडीच्या या दुखण्याचं मूळ कसं शोधायचं तेही सांगणार आहे. ‘हे पुरुषांचं काम’ म्हणून पान उलटू नका. गाडी अडते तेव्हा पुष्कळदा ती आपल्याच हातात असते!

वन्संची तिसरी बॅटरी

आमच्या वन्सं वसईत पापडीजवळ राहतात. घरात गाडी त्याच चालवतात. त्यांच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ती वेळ चुकवून चालत नाही, आणि परत येताना म्हातारं माणूस इतकं गळून गेलेलं असतं की रिक्षाचे धक्के सोसवत नाहीत. अशा घरात गाडी सुरू न होणं म्हणजे काय, ते निराळं सांगायला नको.

दीड वर्षात त्यांनी दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या. दोन्ही वेळा एकच निदान: “बॅटरी गेली, ताई. नवी टाका.” दर वेळी काही हजार रुपये गेले, चार-सहा महिने बरे गेले आणि पुन्हा सेल्फ रडायला लागला. तिसऱ्यांदा हेच ऐकल्यावर वन्सं मला म्हणाल्या, “वहिनी, तीन-तीन बॅटऱ्या वाईट कशा निघतील? दुखणं दुसरीकडेच असणार.”

अगदी खरं बोलल्या. म्हणून आम्ही दिवाळीनंतरच्या एका रविवारी तीन-चारशे रुपयांचा एक मल्टिमीटर घेतला, डबे भरले आणि निघालो.

गच्चीवरची टाकी

निघण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेऊ या. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते ना, ती म्हणजे बॅटरी. खालचा पंप म्हणजे अल्टरनेटर. इंजिन सुरू झालं की पट्ट्याने तो फिरतो आणि वीज तयार करतो. पंपापासून टाकीपर्यंतचा पाइप म्हणजे जाड तारा आणि त्यांचे जोड. घरातले नळ म्हणजे दिवे, वायपर, पंखा, रेडिओ.

आता सांगा, सकाळी टाकी रिकामी आढळली तर तुम्ही लगेच नवी टाकी बसवता का? नाही ना! पंप चालतो का, पाइप कुठे तुंबला आहे का, रात्रभर एखादा नळ गळत होता का, हे आधी बघता. गाडीच्या बाबतीत मात्र आपण थेट टाकीच बदलतो. टाकी नवी आणि भरलेली, त्यामुळे काही महिने सगळं ठीक वाटतं. तुंबलेला पाइप तसाच राहतो. शिवाय अर्धवट भरलेल्या अवस्थेत बॅटरी फार दिवस राहिली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि मग ती पुरती भरतच नाही. म्हणजे चांगली बॅटरीसुद्धा अशा घरात येऊन आजारी पडते.

पूर्वी हे निराळं होतं. गाडीला पुढून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि बायकांना कुणाची मदत न घेता गाडी सुरू करता येऊ लागली. म्हणजे बघा, बॅटरी हा आपल्या स्वातंत्र्याचाच एक भाग आहे!

पहिला मुक्काम: घराचं अंगण

सहलीची पहिली तपासणी अंगणातच करायची, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची, किल्ली लावण्यापूर्वी. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. लाल टोक बॅटरीच्या ‘अधिक’ खुणेवर, काळं ‘उणे’वर. गाडीच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. म्हणून भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

वन्संच्या गाडीने १२.२ दाखवले. बॅटरी होती सहा महिन्यांची.

मग मी मीटर धरून उभी राहिले नि वन्संनी सेल्फ मारला. सेल्फ फिरताना आकडा खाली जातोच, पण साधारण ९.६ च्या खाली घसरता कामा नये. गाडी सुरू झाल्यावर तो १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. आमचा आकडा १३.६ वर थांबला. “म्हणजे चार्जिंग होतंय की!” वन्सं म्हणाल्या. होत होतं खरं, पण जेमतेम. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

किल्ल्यात दोन तास

पापडीहून पारनाक्यावरून किल्ल्यात जाता येतं. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढली दोनशे वर्षं त्यांनी इथं तटबंदीच्या आत एक आख्खं शहर वसवलं. आज त्याची छपरं गेली आहेत. उंच भिंती, कमानी आणि मनोरे मात्र उभे आहेत. वडाची मुळं भिंतींतून उतरली आहेत. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांच्या नावाचं चर्च किल्ल्यात आहे. जवळच नागेश्वराचं देऊळही आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी मोठ्या लढाईनंतर हा किल्ला घेतला. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आणि एक वाईजवळ मेणवलीला आजही पाहायला मिळते.

किल्ला निवांत बघायला दोन तास हवेत. आणि इथंच गाडीचा घात होतो. मोठी माणसं उतरतात, मुलं मात्र गाडीतच गाणी लावून, फोन चार्जिंगला लावून बसतात. इंजिन बंद. म्हणजे पंप बंद आणि नळ सुरू! पुढचे दोन दिवे चुकून चालू राहिले तर हिशेब असा: दोन्ही मिळून ११० वॉट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. दोन तासांत निम्मी रिकामी! एखाद्या निर्जन कमानीपाशी अशी वेळ यायला नको असेल तर मुलांना सोबत किल्ला दाखवा. त्यांचंही ज्ञान वाढेल.

निर्मळ, सोपारा आणि बागांची वाट

किल्ल्याहून उत्तरेला गिरीज, भुईगावच्या बाजूने निघालात की वसईचं खरं सौंदर्य दिसतं. दोन्ही बाजूंना वाड्या, विहिरी, केळी, विड्याची पानं, मोगरा. लाल लुगडं नेसलेली एखादी ख्रिस्ती आजी अंगणात बसून तुमच्याशी जी मराठी बोलेल ती ऐकून कान तृप्त होतात. निर्मळला शंकराचार्यांचं देऊळ आणि मोठं तळं आहे. कार्तिकात इथं मोठी यात्रा भरते. सुकेळी घ्यायची तर याच भागात घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात बांधायची, एवढीच कृती. पण चव अशी की मुंबईच्या मिठाईला मागे सारील.

पुढे सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. लोक ज्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, तो मातीचा उंचवटा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणला आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धाच्या मूर्ती सापडल्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही इथं मिळाला. आज जागा शांत आहे, झाडं आहेत. डबे उघडायला छान.

जेवताना आमच्या गाडीची समोर चर्चा चालली होतीच. वन्संनी विचारलं, “वहिनी, रोजच्या दहा मिनिटांच्या खेपांनीच हे होतं का हो?” अंशतः होय. सेल्फ फार वीज ओढतो, पण अगदी दोन-तीन सेकंदच. ती तूट चांगला अल्टरनेटर थोड्या वेळात भरून काढतो. खरा खर्च होतो तो स्टेशनच्या गर्दीत. गाडी जागेवर उभी, इंजिन हळू, म्हणजे पंपही हळू. वरून एसीचा पंखा, दिवे, वायपर, इंजिनचा पंखा असे सगळे नळ उघडे. पावसाळ्यात तर रोजच. म्हणून स्टेशनच्या खेपा करणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी सलग पाऊण-एक तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी. पण तेवढ्याने सहा महिन्यांत बॅटरी मरत नाही. काहीतरी आणखी होतं.

अर्नाळ्याचा खारा वारा

आगाशीचा बाजार ओलांडून आम्ही अर्नाळ्याला आलो. सुरूची बनं, लांबच लांब किनारा, वाळत घातलेली मासळी आणि समोर वैतरणेच्या मुखाशी बेटावरचा किल्ला. तिकडे होडीतून जावं लागतं. भरती-ओहोटी विचारून घ्या म्हणजे झालं.

किनाऱ्यालगत राहणाऱ्या बायकांना विचारा, खिडकीचे गज, शिलाई मशीनचं पायडल, कपाटाची बिजागरी, काहीही टिकत नाही. तोच खारा वारा गाडीच्या बॉनेटखालीही शिरतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी जमते. ती नुसती घाण नव्हे, तो तुंबलेला पाइप आहे! वीज जायला-यायला तिथं अडथळा होतो.

याला औषध आपल्या स्वयंपाकघरात आहे. एक कप गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला. जुन्या दात घासायच्या ब्रशने टोकं घासा. भुकटी फसफसून सुटते. नंतर थोड्या स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करा, जोड घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

मात्र हात घालण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा आणि मंगळसूत्र पदराआड खोचा. धातूची बांगडी किंवा पाना बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकला तर ठिणगी उडून भाजतं. तार सोडवताना आधी काळी, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. बॅटरीजवळ काडी, उदबत्ती काहीही नको, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

ज्या बॅटरीला पाणी घालावं लागतं तिला डिस्टिल्ड वॉटरच घाला. घरच्या इन्व्हर्टरला आपण घालतोच की. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चुकूनही नको. इथलं पाणी पुष्कळ ठिकाणी खारं आहे, त्यातले क्षार बॅटरीला मारतात.

आमच्या बॅटरीची टोकं मात्र स्वच्छ होती. नवी बॅटरी बसवताना पुसलेली! मूळ अजून सापडलं नव्हतं.

विरारचा खोळंबा, महामार्ग आणि वज्रेश्वरी

विरारला जीवदानीच्या डोंगराकडे बघत आम्ही पूल ओलांडायला लागलो आणि व्हायचं तेच झालं. गाड्यांची रांग. म्हटलं, बरं झालं, हीच परीक्षेची वेळ! गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू ठेवूनच मीटर लावला. फिरणाऱ्या पट्ट्यापासून पदर दूर ठेवून, बरं का. मग वन्संनी दिवे, एसीचा पंखा, वायपर सगळं एकदम सुरू केलं. मघाचा १३.६ चा आकडा घसरत घसरत १३.१ वर आला. इंजिनचा वेग थोडा वाढवला तरी वर चढेना.

मैत्रिणींनो, ही तपासणी सर्वांत महत्त्वाची. गॅरेजमध्ये गाडी उभी करून, सगळं बंद ठेवून ‘चार्जिंग ओके’ म्हणतात. पण सगळे नळ उघडल्यावर टाकीत किती पाणी पोचतं, हे पाहायला नको का? दिवे-पंखे लावून, इंजिन थोडं वेगात ठेवूनसुद्धा आकडा साडेतेराच्या खाली राहिला तर संशय घ्यावा. उलट, १५ च्या वर गेला तर तेही वाईट. बॅटरी उकळते, पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. (हल्लीच्या काही गाड्यांत संगणक स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथं एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. शिवाय सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तिच्यासाठीचीच खास बॅटरी लागते, स्वस्तातली साधी चालत नाही.)

शिरसाड फाट्याहून आम्ही वज्रेश्वरीला गेलो. वसईहून तीसेक किलोमीटरचा रस्ता, मधे झाडी. वसईचा किल्ला मिळावा म्हणून चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता आणि किल्ला मिळाल्यावर हे देऊळ बांधलं, असं सांगतात. देऊळही किल्ल्यासारखंच, चढून जायच्या उंच पायऱ्यांचं. जवळच अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना बरं वाटतं.

दर्शन, कुंड, चहा यांत दोन तास गेले. परत येऊन मीटर लावला, तर १२.२! इतका रस्ता मोकळा धावूनही टाकी एक बोटभर वर चढली नव्हती. म्हणजे पाणी येत होतं, पण पोचत नव्हतं. दुखणं बॅटरीचं नव्हतं, हे आता नक्की झालं.

करपलेला जोड

दुसऱ्या दिवशी वन्संनी गाडी एका जुन्या, अनुभवी वायरमनकडे नेली, आकडे कागदावर लिहून. त्याने कागद पाहिला नि हसला. म्हणाला, “ताई, अर्धं काम तुम्हीच केलंत.” दिवे लावून त्याने आधी अल्टरनेटरच्या टोकावर मोजलं: १४.३. मग बॅटरीवर: १३.१. म्हणजे पंप उत्तम, पण वाटेतच १.२ व्होल्ट गळत होते!

त्याने जाड लाल तारेवर बोट फिरवत नेलं. अल्टरनेटरहून येणारी तार फ्यूजच्या डबीला जिथं नटाने जोडली होती, तो जोड सैल आणि हिरवा पडला होता. आजूबाजूचं प्लॅस्टिक तापून तपकिरी झालेलं. जेवढे दिवे जास्त, तेवढी वीज जास्त आणि तेवढाच तिथं अडथळा जास्त. दिवे बंद असताना हा दोष जवळजवळ दिसतच नव्हता. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढलेली आणि बारा महिने खारा वारा. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात दिवसेंदिवस पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. अशा गावात तारांचे जोड दर पावसाळ्यानंतर पाहायलाच हवेत.

जोड साफ केला, तारेचं टोक नि फ्यूज बदलला. खर्च काही शेकड्यांत. दिवे लावून बॅटरीवर आकडा आला १४.१. बॅटरी बाहेर काढून रात्रभर सावकाश चार्ज केली आणि तीच पुन्हा बसवली. ती आजही चालते आहे आणि सासूबाईंची डायलिसिसची एकही वेळ गाडीमुळे चुकलेली नाही.

तुमच्या गाडीत जागा वेगळी असू शकते. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी काळी पट्टी, म्हणजे अर्थिंग, गंजलेली असेल. पट्टा सैल पडून पावसात किंचाळत असेल. अल्टरनेटरचे ब्रश झिजले असतील. पण शोधायची रीत हीच: पंपापाशी मोजा, टाकीपाशी मोजा, फरक कुठे पडतो ते पाहा.

एक मात्र करू देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘गाडी चालू राहते का बघू’ अशी परीक्षा काही जण अजून घेतात. जुन्या डायनामोच्या गाड्यांत ते खपून जाई. आजच्या गाडीत त्या झटक्याने संगणकच जळू शकतो.

रात्री गळणारा नळ

चार्जिंग ठीक असूनही सकाळी बॅटरी उतरलेली आढळत असेल तर? सोपी युक्ती आहे. बॅटरी पुरती भरून घ्या. एक रात्र तारा जोडलेल्या ठेवून सकाळी मोजा, दुसऱ्या रात्री काळी तार काढून ठेवा आणि पुन्हा मोजा. तार काढल्यावर आकडा टिकला तर गाडीत काहीतरी चोरून वीज पितंय: डिकीचा दिवा, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, कॅमेरा किंवा अल्टरनेटरमधलाच बिघाड. तार काढूनही उतरली, तर मात्र खुशाल बॅटरी बदला. (तार काढल्याने घड्याळ-रेडिओची जुळणी जाते, ती पुन्हा करावी लागते.)

थोडी वीज प्रत्येक गाडी रात्री घेतेच. ती एक अँपिअरच्या विसाव्या भागापेक्षा कमी असावी. तरीसुद्धा पंधरा दिवसांत लहान बॅटरी निम्म्यावर येते. मे महिन्यात तीन आठवडे माहेरी जायचं असेल तर काळी तार सोडवून जा.

कात्रण काढून ठेवा

• रात्रभर उभी गाडी: १२.६ चांगलं, १२.२ निम्मी, १२ च्या खाली धोक्याचं.

• इंजिन चालू: १३.८ ते १४.५. दिवे-पंखा-वायपर लावूनही साडेतेराच्या वर.

• किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. वाटेत लागला तर एसी, रेडिओ बंद करून जवळच्या वायरमनकडे चला, इंजिन मधे बंद करू नका. मात्र तापमानाचा काटा चढू लागला तर ताबडतोब थांबा, कारण पट्टा तुटलेला असू शकतो.

• दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना: लाल तार आधी बसलेल्या बॅटरीच्या ‘अधिक’ला, मग चांगल्या बॅटरीच्या ‘अधिक’ला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ‘उणे’ला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नये.

• आपल्या उष्ण हवेत बॅटरी साधारण तीन-चार वर्षं जाते. तेवढी झाली असेल तर बदलण्यात वावगं नाही. पावती नि वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

• जुनी बॅटरी अंगणात ठेवू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. आत विषारी शिसं असतं. २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात परत द्या, त्याचे पैसेही वजा होतात.

आणि कुणी “नवी टाका, ताई” म्हणालं, तर शांतपणे तीन आकडे विचारा: उभ्या गाडीचा किती, चालू गाडीचा किती आणि दिवे लावून किती? जो आकडे सांगेल त्याच्याकडे काम द्या. जो नुसती मान हलवेल, त्याला नमस्कार करून पुढे निघा.